काय झालं?

रस्त्याच्या कडेला एक माणूस डोके धरून बसला आहे. तुम्ही बाजाराला निघाला आहात. त्याला पाहून तुम्ही थांबता. तुमच्या तोंडून पहिले शब्द कोणते निघतात?

"काय झालं?"

नाव, गाव, पाहुणे कुठले, हे सारे मागाहून. आधी "काय झालं?" हे आपल्याला कोणी शाळेत शिकवले नाही. आईच्या कडेवर असतानाच ते कानांवर पडले. आपण पडलो, रडलो, की आई म्हणायची, "काय झालं माझ्या बाळाला?"

आता समजा, तुम्ही परमुलखात आहात. तेथली भाषा तुम्हाला येत नाही. रस्त्याच्या कडेला असाच कोणी बसला आहे. मग काय म्हणाल?

आज आपण परक्या भाषेतला एवढा एकच प्रश्न शिकू. भाषा आहे डच. प्रश्न आहे, "काय झालं?"

डच लोकांचा मुलूख

युरोप खंडात, समुद्राच्या काठी, नेदरलँड्स नावाचा देश आहे. आपल्याकडे त्याला हॉलंड म्हणतात. नेदरलँड्स म्हणजे सखल मुलूख. देश लहान आहे. आपल्या महाराष्ट्रात असे सात देश मावतील. वस्ती मात्र पावणेदोन कोटींच्या वर आहे.

या देशाची सुमारे चौथाई जमीन समुद्राच्या पातळीहून खाली आहे. लोकांनी मोठमोठे बांध घालून समुद्र बाहेर थोपवला आहे. १९५३ साली, ३१ जानेवारीच्या रात्री, मोठे वादळ झाले. पहाटेपर्यंत बांध फुटले. तेथे १,८३६ माणसे मेली. त्यानंतर त्यांनी पुष्कळ वर्षे खपून नवे भक्कम बांध आणि दरवाजे बांधले. अशा मुलखात एकाचा बांध फुटला, तर पाणी सगळ्यांच्या घरांत शिरते.

डच लोक आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. सतराव्या शतकात डच व्यापारी कोकणात वेंगुर्ल्याला येऊन राहिले होते. त्यांच्या वखारीच्या भिंती अजून तेथे पाहायला मिळतात. आज वारे उलटे वाहते आहे. आपल्याकडची शिकलेली मुले-मुली कामासाठी त्यांच्या देशात जातात. ॲम्स्टरडॅम, हेग, आइंडहोवन अशा शहरांत मराठी घरे आहेत. तेथे गणपती बसतात. दिवाळीचा फराळ होतो. आणि लेकीचे बाळंतपण करायला गावाकडची आई विमानात बसून जाते.

अशाच एका आईची ही गोष्ट. तिला आपण आक्का म्हणू.

आक्काची वही

आक्का सातारा जिल्ह्यातली. लहानपणी शाळेत गेली नव्हती. पन्नाशीनंतर रात्रीच्या वर्गात जाऊन लिहायला-वाचायला शिकली. तिची लेक आइंडहोवनला नोकरी करते. लेकीला दिवस गेले. मग आक्काने डिंकाचे लाडू केले, अळीव घेतले, बाळंतशोपा घेतल्या. आणि एक वही व पेन्सिलही बरोबर घेतली.

जावई म्हणाले, "आई, वही कशाला?"

आक्का म्हणाली, "तिकडं दुकानाचं नाव, घराचा नंबर, काही तरी लिहायला लागंल. चुकले तर वही दाखवीन."

फेब्रुवारीत लेकीला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी लेक घरी आली. आणि तिच्या पाठोपाठ एक डच बाई दारात उभी राहिली.

त्या देशात एक चांगली रीत आहे. बाळंतिणीची आणि बाळाची देखभाल करायला एक शिकलेली बाई घरी येते. साधारण आठ दिवस येते. रोज काही तास थांबते. ती आईचा ताप बघते, बाळाचे वजन करते, दूध कसे पाजायचे ते दाखवते. घराची झाडलोटही करते.

आक्काला सगळ्याचेच नवल वाटले. बाळंतिणीच्या पलंगाखाली ठोकळे घालून पलंग उंच केला होता. कशाला? तर देखभाल करणाऱ्या बाईला सारखे वाकावे लागू नये, तिची पाठ दुखू नये. बाळाच्या अंथरुणात गरम पाण्याची बाटली ठेवली होती. आक्का मनात म्हणाली, "आमची शेगडी, यांची बाटली."

आक्काने बाईला बाळंतशोपा दाखवल्या. बाईने एक दाणा चावला आणि ती हसली. तिने एक डबा आणला. गोल टोस्टला लोणी लावले. त्यावर साखरेत घोळलेली बारीक बी पसरली. ती बी शोपेच्या जातीचीच होती. मूल जन्मले की तेथे पाहुण्यांना हाच खाऊ देतात. मुलगी झाली तर गुलाबी, मुलगा झाला तर निळा. त्या दाण्यांना ते लोक "छोटे उंदीर" म्हणतात. दोघी बायका हसल्या. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, पण शोपेची चव दोघींना माहीत होती.

चौथा दिवस

पहिले तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी सकाळी लेक भिंतीकडे तोंड करून पडली. डोळ्यांतून पाणी वाहत होते.

आक्का घाबरली. जवळ जाऊन म्हणाली, "काय झालं गं? रडू नको. बाळंतिणीनं रडू नये. दूध आटंल. सोन्यासारखी पोरगी झाली. कशाला रडतीस? ऊठ, लाडू खा."

लेक म्हणाली, "काही नाही गं आई."

जावई म्हणाले, "तिला झोप पाहिजे." ते बाहेर गेले.

नऊ वाजता ती डच बाई आली. तिने लेकीकडे पाहिले. पिशवी खाली ठेवली. रोज ती आधी बाळाकडे जायची. आज गेली नाही. तिने खुर्ची ओढली आणि पलंगाजवळ बसली. मग हळूच म्हणाली,

"वात इस एर?"

लेक म्हणाली, "निक्स."

बाई उठली नाही. तिने पुन्हा विचारलेही नाही. घड्याळ बघितले नाही. ती नुसती बसून राहिली. खोलीत आवाज नव्हता. बाळाचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

बऱ्याच वेळाने लेक बोलू लागली. आधी थोडे बोलली. मग पुष्कळ बोलली. मध्येच रडली, पुन्हा बोलली. बाई मान हलवत होती. आक्का दारात उभी होती. तिला एक शब्द कळत नव्हता. पण लेकीच्या आवाजातली गाठ सुटते आहे, हे तिला कळले.

बाई गेल्यावर आक्काने विचारले, "ती काय म्हणाली गं तुला?"

"काय झालं, असं विचारलं."

"एवढंच? ते तर मी पण विचारलं होतं!"

लेक थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "विचारलंस आई. पण लगेच म्हणालीस, रडू नको. मग मी सांगणार कधी?"

आक्काला ते लागले. ती स्वयंपाकघरात गेली. भांडी घासली. मग तिने वही काढली. लेकीकडून शब्द पुन्हा म्हणवून घेतले आणि मोठ्या अक्षरांत लिहिले,

वात इस एर? — काय झालं?

त्याच्या खाली तिने आणखी एक ओळ लिहिली, "विचारून गप बसायचं."

संध्याकाळी लेकीचे डोळे पुन्हा भरले. आक्का पलंगाजवळ बसली. म्हणाली, "काय झालं, पोरी?" तोंडात पुढचे शब्द आले होते, "रडू नको." ते तिने गिळले. ती बाळाचे लंगोट घडी करीत बसली.

दहा लंगोट घडी झाले. मग लेक म्हणाली, "आई, मला भीती वाटते. बाळ हातातून पडेल असं वाटतं. मला हे जमायचं नाही. सगळे येतात, बाळाला बघतात. मी कशी आहे, कोणी विचारत नाही."

आक्का म्हणाली, "तू झालीस, तवा मला पण असंच वाटलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. कुणी इचारलंच नाही."

त्या रात्री लेक चार घास जास्त जेवली.

बाळंतिणीचे अश्रू

दुसऱ्या दिवशी बाईने सांगितले, की या रडण्याला डच भाषेत नावच आहे. क्रामत्रानन. म्हणजे बाळंतिणीचे अश्रू. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुष्कळ बायकांना असे रडू येते. शरीरात मोठे बदल होत असतात. झोप पुरी होत नाही. जबाबदारी एकदम अंगावर येते. हा वेडेपणा नाही, नजर लागणे नाही, कोणाचा दोषही नाही. रडल्याने दूध आटते, हेही खरे नाही. बाळंतिणीला झोप द्यावी, कामातून मोकळी ठेवावी, तिचे ऐकून घ्यावे. बहुतेकींचे हे रडू काही दिवसांत आपोआप थांबते.

पण दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, तर डॉक्टरला दाखवावे. बाळ झोपले तरी तिला झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तरी दाखवावे. स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार ती बोलून दाखवील, तर तिला एकटी सोडू नये. त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. या दुखण्याला औषधोपचार आहे. ती बरी होते.

हे फक्त हॉलंडच्या बायकांना होत नाही. आपल्या गावातल्या सुनांना आणि लेकींनाही होते. त्यांना विचारणारे कोणी हवे, एवढेच.

प्रश्नाची फोड

आता आक्काच्या वहीतला प्रश्न नीट वाचू. सावकाश म्हणा,

वात — इस — एर?

"वात" म्हणजे काय. दिव्याची वात आठवा, म्हणजे शब्द विसरणार नाही. अर्थ मात्र वेगळा आहे, बरे का! "इस" म्हणजे आहे. "एर" या शब्दाला येथे स्वतःचा असा अर्थ नाही. तो "तेथे" सारखा एक छोटा शब्द आहे. सगळे मिळून होते, "काय आहे?" म्हणजेच "काय झालं?"

याच प्रश्नाला शेपूट जोडून डच लोक असेही विचारतात,

वात इस एर आन द हान्त?

"हान्त" म्हणजे हात. "आन द हान्त" म्हणजे हाताशी. शब्दाला शब्द ठेवला, तर प्रश्न होतो, "हाताशी काय आहे?" पण अर्थ तोच. काय झालं आहे? काय चाललं आहे? रस्त्यावर गर्दी जमली, आरडाओरड झाली, की लोक असे विचारतात.

आवाजाकडेही लक्ष द्या. मराठीत "काय आहे?" हे मायेने म्हणता येते आणि डाफरूनही म्हणता येते. "काय आहे रे सारखं?" असे म्हटले, की समोरचा गप्प होतो. "वात इस एर?" चेही तसेच आहे. हळू म्हटले तर विचारपूस. झटक्यात म्हटले तर कटकट. शब्द तेच, पण माणूस जवळ येतो किंवा दूर जातो.

आपल्यासारखी तिकडेही मानाची रीत आहे. मोठ्या बाईला "मेव्राउ" म्हणतात, म्हणजे बाई. मोठ्या पुरुषाला "मनेर" म्हणतात. "वात इस एर, मेव्राउ?" म्हणजे "काय झालं, बाई?" तू आणि तुम्ही हा भेदही त्यांच्या भाषेत आहे.

प्रश्न विचारला की उत्तर येते. म्हणून ही चार-पाच उत्तरे ओळखावी.

निक्स — काही नाही.
इक हेब पैन — मला दुखतंय.
इक बेन खव्हालन — मी पडलो, मी पडले.
इक फूल म नीत लेकर — मला बरं वाटत नाही.
हेल्प! — मदत करा!

चौथ्या ओळीत गंमत आहे. "लेकर" म्हणजे चवदार. बरे नसले की डच माणूस म्हणतो, मला चवदार वाटत नाही. आपणही तापात म्हणतो, तोंडाला चव नाही!

आणखी एक छोटा प्रश्न आहे, "खात हेत?" यातला "ख" घशातून खरवडून म्हणायचा. याचा खाण्याशी संबंध नाही. "चाललंय ना? बरं आहे ना?" असा अर्थ आहे. कोणी ठेच लागून पडले, की डच लोक हेच विचारतात.

उत्तरांत पहिले उत्तर सगळ्यांत महत्त्वाचे आहे. "निक्स." काही नाही. जगात कोठेही जा, दुखावलेला माणूस आधी हेच म्हणतो. ते खरे धरून उठू नये. थोडे थांबावे.

बाकावरची म्हातारी

एका दुपारी आक्का नातीला बाबागाडीत घालून फिरायला निघाली. पाऊस नुकताच थांबला होता. रस्ता निसरडा होता. बाकावर एक म्हातारी बसली होती. शेजारी सायकल आडवी पडली होती. त्या देशात माणसांहून सायकली जास्त आहेत. म्हाताऱ्या बायकाही सायकलवर बाजाराला जातात.

म्हातारीने एक मनगट दुसऱ्या हातात धरले होते. चेहरा पांढरा पडला होता. लोक जरा लांबून जात होते.

आक्का थांबली. छाती धडधडत होती. परका देश, परकी भाषा. चुकीचे बोललो तर? हसली तर? तिने वहीचे पान मनात आठवले. म्हणाली,

"वात इस एर, मेव्राउ?"

म्हातारी भडाभडा बोलली. आक्काला त्यातला एकच शब्द कळला, "पैन." दुखतंय. तिने बाबागाडीला खटका लावला, म्हातारीच्या शेजारी बसली, आणि लेकीला फोन लावून तो म्हातारीच्या कानाशी धरला. लेकीने सगळे विचारून घेतले. म्हातारीच्या मुलाला निरोप गेला. मुलगा येईपर्यंत आक्का बसून राहिली. दोघी काही बोलल्या नाहीत. बाळ झोपले होते.

आठवड्याने ती म्हातारी रस्त्यात दिसली. मनगटाला प्लास्टर होते. तिने दुसरा हात उंच करून आक्काला हाक दिली. काय म्हणाली ते आक्काला कळले नाही. आक्कानेही हात केला.

मोठा अपघात झाला असेल, तर असे बसून राहू नये. हॉलंडमध्ये ११२ या क्रमांकावर फोन करतात. पोलीस, आगीचा बंब, रुग्णवाहिका, तिन्ही तेथून मिळतात. आपल्याकडेही ११२ हाच क्रमांक आहे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकही चालतो. हे दोन आकडे घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

गावी आल्यावर

पाहुणे म्हणून तेथे नव्वद दिवस राहता येते. दिवस भरत आले, तशी आक्का परत निघाली. गावी बायकांनी विचारले, "आक्का, तिकडची भाषा आली का?"

आक्का म्हणाली, "एक सवाल आला."

त्याच महिन्यात शेजारची सून बाळंत झाली. बारशाच्या घाईत घर भरलेले होते. सगळ्या बायका पाळण्याभोवती जमल्या. आक्का आतल्या खोलीत गेली. सून एकटी पडली होती. आक्का बाजेच्या कडेला बसली.

"काय झालं, बाई?"

"काही नाही, आक्का."

आक्का उठली नाही.

शब्द

सखल — खोलगट, खाली असलेला
वखार — व्यापाऱ्याचा माल ठेवण्याची जागा
बाज — खाट
विचारपूस — मायेने केलेली चौकशी

प्रश्न

१. "वात इस एर?" याचा अर्थ काय?
२. आक्कानेही "काय झालं?" असे विचारले होते. मग लेक तिच्यापाशी आधी का बोलली नाही?
३. आक्काने वहीत प्रश्नाखाली कोणती ओळ लिहिली?
४. बाळंतिणीला डॉक्टरकडे केव्हा न्यावे?
५. "काही नाही" असे उत्तर आले तर काय करावे?

करून पाहा

आज घरातल्या एका माणसाला "काय झालं?" किंवा "कसं आहे?" असे विचारा. विचारल्यावर मनात शंभर आकडे मोजा. तोवर आपण बोलू नका. तो माणूस काय बोलला, ते दोन ओळींत वहीत लिहा. ती वही कोणाला दाखवू नका.